खरी मेख 'गरज' या शब्दात आहे

'अमेरिकेत कुठलंही राज्य गाड्यांच्या धुराचे नियम मनाला येईल तसे करतं' हे अमेरिकेतल्या प्रदूषण-नियमांवरच्या एका लेखातलं विधान चूक आहे. तिथल्या केंद्रीय स्वच्छ हवा कायद्याचं कलम २०९ राज्यांना तशी सरळ मनाईच करतं. अपवाद एकट्या कॅलिफोर्नियाचा, कारण तिथे ३० मार्च १९६६ च्या आधीपासून स्वतःची मानकं होती. कॅलिफोर्नियालाही ईपीएकडून, म्हणजे केंद्राच्या पर्यावरण संस्थेकडून, सूट घ्यावी लागते. इतर राज्यं कलम १७७ खाली हेच नियम जसेच्या तसे उचलू शकतात. स्वतःची भर घालता येत नाही.

सूट नाकारायची कारणं तीनच: एकूण मानकं केंद्रापेक्षा सैल असणं, विशेष गरज नसणं, किंवा कंपन्यांना पुरेसा अवधी न मिळणं. घोडं अडतं ते दुसऱ्यावर. लॉस एंजेलिसचं धुरकं स्थानिक, पण कार्बन डायऑक्साइड सगळ्या जगाचा. मग गरज 'विशेष' कशी? म्हणून कॅलिफोर्नियाच्या कार्बनविषयक नियमांना २००८ मध्ये नकार, २००९ मध्ये होकार, २०१९ मध्ये माघार, २०२२ मध्ये पुन्हा बहाल. गाडीचं डिझाइन काही वर्षं आधी ठरतं, त्यात ही धरसोड!

जून २०२५ मध्ये तर अमेरिकी संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, ठरावांनी कॅलिफोर्नियाला मिळालेल्या अशा तीन सवलती रद्द झाल्या. हा मार्ग मला पटत नाही, कारण असा रद्द झालेला नियम जवळपास त्याच रूपात परत आणायला नवा कायदाच लागतो. वीजकेंद्रांची गोष्ट वेगळी: तिथे कलम ११६ राज्यांना अधिक कडक व्हायची मुभा देतं. लेखात दोन्हींची सरमिसळ झालीय.