दाखवा बरं, काय काढलंत

वहिनीने बटूच्या तोंडात पहिला घास घातला आणि माझ्या भिंगासमोर एक सोवळं येऊन उभं राहिलं.

पुण्यातलं कार्यालय, पुतण्याची मुंज, मातृभोजन. बाकीचं वर्णन सोडतो, कारण रविवार उलटला तरी माझं डोकं शांत झालेलं नाही. सोवळ्यात होते वहिनीचे मामा. माझ्या हातातला सुपर एटचा, म्हणजे आठ मिलिमीटर फिल्मचा, कॅमेरा दिसताच त्यांनी उपरणं सारखं केलं, पोट आत घेतलं आणि हात ताठ ठेवून ते पासपोर्टच्या फोटोला उभं राहावं तसे स्तब्ध झाले. मान हलवून ‘घ्या’ म्हणाले. मोटार घरघरत होती. हलत्या चित्रांचा कॅमेरा आहे, माणूस कधीतरी हलेल, या आशेवर मी बटण सोडलं नाही, कारण मामांच्या डाव्या खांद्यामागे दुसरा घास चालला होता. मामा हलले नाहीत. श्वाससुद्धा घेतला नसावा.

एका कार्ट्रिजमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यात बसणाऱ्या बंद डबीत, ५० फूट फिल्म असते. सेकंदाला १८ चौकटींनी चालवली, तर ३ मिनिटं २० सेकंदांत खेळ खलास. तेवढ्यात घाणा भरण्यापासून भिक्षावळीपर्यंत सगळी मुंज बसवायची. त्यातल्या दोनशेहून जास्त चौकटी आता मामांच्या नावावर आहेत. कात्रीने मामा कापता येतील, पण त्यांच्यामागचे घास कुठून आणू?

बटण सुटल्यावर मामांनी श्वास सोडला आणि जवळ आले.

“दाखवा बरं, कसा आलोय.”

“यात लगेच दिसत नाही, मामा.”

“बिघडलाय?”

“नाही. रीळ धुवावं लागतं. जर्मनीला पाठवतो.”

“जर्मनीला! मग बघायचं कधी?”

“दोनेक महिन्यांनी.”

“अहो, सोडमुंज आज संध्याकाळी आहे!”

हे त्यांनी इतक्या काळजीने सांगितलं, की मीच त्यांची समजूत काढू लागलो. मग त्यांना आठवलं, की मेहुण्यांच्या माळ्यावर असंच एक कोडॅक्रोमचं, म्हणजे कोडॅकच्या जुन्या रंगीत फिल्मचं, रीळ पडलंय, न धुतलेलं. जर्मनीला जातंच आहे तर तेही टाका पिशवीत. मी सांगितलं, कोडॅक्रोम रंगीत धुणारी शेवटची लॅब अमेरिकेत कॅन्ससला होती, तिनेही २०१० च्या अखेरीस ते काम थांबवलं. मामांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. “मग तुमचं बरं धुतात?”

“माझी फिल्म वेगळी आहे.”

“असेल. आवाज तरी येतो का?”

“नाही. आवाजाची कार्ट्रिजं कोडॅकने १९९७ मध्येच बंद केली.”

“म्हणजे मंगलाष्टकं नाहीत.”

“मुंजीत तशी...”

“असतात! आमच्याकडे असतात!” आता मामांना सूर सापडला. “म्हणजे तुमचं हे फाळक्यांसारखं झालं. मूकपट. फाळक्यांनी बायकोचे दागिने गहाण टाकले होते, माहितीये ना?” आणि ते माझ्या बायकोच्या पाटल्यांकडे बघत राहिले. दुर्दैवाने बायकोही माझ्याकडे बघत राहिली. रिळाचा आणि धुलाईचा खर्च मी घरी जरा गोल आकड्यात सांगतो, तो विषय त्या दिवशी पंगतीत निघाला. जिलबी घशाखाली उतरेना.

पूर्वीचे हौशी लोक काय सुखात होते असं नाही. सुपर एटच्या आधीच्या, १९३२ च्या डबल एटमध्ये फिल्मची एक कड भरली की रीळ अर्ध्यावर बाहेर काढून उलटं घालावं लागे, तेही सावलीत. विसर पडून तीच कड पुन्हा चालवली, तर बारशावर साखरपुडा चढायचा. १९६५ मध्ये सुपर एटचं कार्ट्रिज आलं आणि ती कटकट मिटली. मामांवर कोडॅकने काही काढलेलं नाही.

तेवढ्यात कार्यालयाचा व्हिडिओवाला हातातला दांडा झुलवत आला आणि मला म्हणाला, “काका, जरा साइडला.” मामांना मात्र म्हणाला, “तुम्ही थांबा, छान दिसताय.” त्याने चार तास शूटिंग केलं. प्रत्येक आत्याने, मावशीने, मावशीच्या सुनेने फोनवर वेगळं केलं. त्यातलं एक सेकंद कोणी पुन्हा बघणार नाही. पुढच्या दिवाळीत ‘जागा भरली’ म्हणून निम्मं पुसतील. त्यांना कोणी विचारत नाही, की हे कशाला काढता. कीव सगळी माझ्या वाट्याला, आणि मी ज्याला कॅमेरा लावतो तो माणूस आधी थिजतो आणि मग निकाल मागतो.

काल मामांनी कुटुंबाच्या ग्रुपवर माझाच फोटो टाकला: कॅमेऱ्याला डोळा लावलेला, तोंड उघडं. खाली ‘जुनं ते सोनं’ आणि नमस्कार. त्यावर बावीस अंगठे आले. चुलतभावाने तर फोनच केला. हॉलमधल्या कपाटात शोपीस म्हणून कॅमेरा ठेवायचाय, विकणार का? चालू आहे म्हटलं, तर म्हणतो, चालू नको, बंद असेल तर थोडा कमी करून दे.