जॅगमध्ये जायचं हे कधी ठरवायचं?

११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लष्कराच्या जॅग शाखेतली भरतीची एक वाटणी रद्द केली. जॅग म्हणजे जज ॲडव्होकेट जनरल, लष्कराचा कायदा विभाग. जागा नऊ, त्यांत पुरुषांना सहा आणि स्त्रियांना तीन. अर्शनूर कौर महिलांच्या यादीत चौथी होती. तिच्यापेक्षा कमी गुण मिळालेले पुरुष आत गेले आणि ती बाहेर राहिली. यापुढे पुरुष-स्त्रिया सगळ्यांची एकच गुणवत्ता यादी लागेल.

तेव्हापासून आमच्या घरच्या ग्रुपवर वाद पेटलाय, कारण माझी भाची पुण्यात कायद्याच्या चौथ्या वर्षाला आहे आणि तिला जॅगमध्ये जायचंय. दादा म्हणतो, आता दार उघडलं, मुलीने जावंच. काकांना काळजी बदल्यांची आणि लग्नाची. निकाल मला मनापासून पटला. पण या सगळ्या बोलण्यात भाचीचा स्वतःचा प्रश्न कोणी ऐकलाच नाही. तिने मला फोनवर विचारलं, "आत्या, मला वकील व्हायचंय की ऑफिसर, हे मला आधी कळणार कसं?"

मी व्हर्जिनियात शार्लट्सव्हिलला राहते. इथे विद्यापीठाच्या लॉ स्कूलला लागूनच अमेरिकी लष्कराचं स्वतःचं कायदा विद्यालय आहे. गणवेशातले तरुण वकील किराणा दुकानाच्या रांगेत पुढे-मागे उभे असतात. शेजारच्या लॉ स्कूलमधल्या मुलांना ही वाट रोज डोळ्यांसमोर दिसते.

माझ्या मैत्रिणीची मुलगी तिथेच शिकते. पहिल्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात तिने लष्कराच्या कायदा कार्यालयात इंटर्नशिप केली. तिच्यासाठी सैन्यात जाण्याचं कोणतंही बंधन नव्हतं. सैनिकांची मृत्युपत्रं, घरभाड्याचे तंटे, शिस्तभंगाच्या फायली हे सगळं तिने हाताळलं. तिची वर्गमैत्रीण मरीन्सच्या, म्हणजे अमेरिकेच्या सागरी सैन्यदलाच्या, वाटेने गेली. उन्हाळ्यात त्यांच्या क्वांटिकोच्या तळावर दहा आठवडे चिखलात रांगायचं, मग परत येऊन कायदा पूर्ण करायचा. नंतर सहा महिने इतर सगळ्या मरीन अधिकाऱ्यांसोबत प्रशिक्षण आणि त्यानंतर कुठे न्यूपोर्टला लष्करी कायद्याचे धडे. हवाई दल आणि नौदलाच्या वाटा आणखी निराळ्या. कोणती निवडायची हे शिकता शिकताच ठरतं, आणि नाही जमलं तर माघारी फिरता येतं.

इथलं सगळंच घ्यावं असं मात्र मी म्हणणार नाही. अनेक मुलं या वाटेला लागतात ती डोक्यावरच्या शैक्षणिक कर्जापायी, कारण दहा वर्षं सरकारी सेवेत राहून हप्ते भरले की उरलेलं केंद्र सरकारचं कर्ज माफ होऊ शकतं. ग्रीन कार्डावरच्या आपल्या मुलांना हे दार बंदच, कमिशनसाठी, म्हणजे अधिकारी म्हणून नेमणुकीसाठी, नागरिकत्व लागतं. आणि फेब्रुवारी २०२५मध्ये इथल्या संरक्षणमंत्र्यांनी लष्कर, नौदल आणि हवाई दलाचे सर्वोच्च कायदा अधिकारी बदलायचं जाहीर केलं, तेव्हा मैत्रिणीच्या मुलीने आईला विचारलं, "सेनापतीला 'हे बेकायदा आहे' असं सांगणाऱ्या वकिलाची नोकरी टिकते का?" हा प्रश्न भारतातल्या मुलांनीही विचारायला हवा.

एका बाबतीत मला आपली पद्धत जास्त आवडते. अमेरिकी लष्करात थेट वकील म्हणून येणाऱ्याला सैनिकी प्रशिक्षण मिळतं ते साधारण सहा आठवड्यांचं. आपल्याकडे जॅगचा कॅडेट चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीत ४९ आठवडे घाम गाळतो. जनरल कोर्ट मार्शलमध्ये, म्हणजे लष्कराच्या अंतर्गत न्यायालयात, कायद्याचा सल्ला द्यायला जज ॲडव्होकेट लागतोच, आणि समोर बसलेले सगळे अधिकारी असतात. त्यांच्यासारखाच धुळीतून आलेला माणूस सांगतो तेव्हा ते ऐकतात, असं मला वाटतं.

पण म्हणूनच आधी अंदाज यायला हवा. आपल्याकडे एलएलबीला ५५ टक्के, सीएलएटी पीजी या कायद्याच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचे गुण आणि वय २१ ते २७ ही कागदावरची चाळणी. मग एसएसबी, म्हणजे लष्कराच्या निवड मंडळाच्या चाचण्या आणि मुलाखतीचे पाच दिवस. पाच वर्षं कायदा शिकलेल्या मुलीला गणवेशातला वकील दिवसभर काय करतो हे त्याआधी कुठे दिसतं? भाचीच्या कॉलेजात तिला क्लासच्या जाहिराती मिळाल्या, पण एकही जॅग अधिकारी भेटला नाही.

आणि लष्करी कायदा शिकवणारी संस्था आहे कुठे, तर आपल्या नागपूरजवळ कामठीत. तिथे दर उन्हाळ्यात दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना महिनाभर बसू द्यावं, फायली वाचू द्याव्यात, सकाळी पाच किलोमीटर पळायला लावावं. खर्च फार नाही. एकच यादी लावायची तर त्या यादीत येणाऱ्या मुलींना आणि मुलांना ही वाट आधी बघायला तरी मिळू दे.

तोवर भाचीला मी दोन गोष्टी सांगितल्यात. सैनिकांच्या नोकरी-पेन्शनचे तंटे ऐकणाऱ्या सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाचे निकाल वाच, जवानाची बाजू आणि लष्कराची बाजू दोन्ही लिहून काढ. आणि पहाटे पर्वतीवर जायला लाग. परवा तिने पेन्शनच्या एका निकालावर चार पानं लिहून पाठवली. चारही पानं जवानाच्या बाजूने आहेत. लष्कराची बाजू लिहायला बसते, म्हणाली, पण हात अडतोय.