साधा थिनर

बाल्कनीच्या ग्रिलला ऑइलपेंट देताना एक थेंब सासऱ्यांच्या आरामखुर्चीच्या हातावर पडला. खुर्ची सागवानी, फ्रेंच पॉलिशची. ओला असतानाच टर्पेंटाइनच्या बोळ्याने पुसला असता तर विषय तिथेच संपला असता. पण वाजले होते दीड, आणि दुकान उघडणार चारला. पुण्याच्या दुपारच्या झोपेवर विनोद पुष्कळ झालेत. तेवढ्यात रंग वाळतो, हे कोणी सांगत नाही. पूर्वी घरात रॉकेल असायचं. सायकलची चेन, हातांचा रंग, डोक्यातल्या उवा, सगळ्यांना एकच औषध. असो.

साडेचारला बोहरी आळीत पोचलो.

"साधा थिनर द्या."

"साधा म्हणजे? एनसी, पीयू, का इपॉक्सीचा?"

"रंग काढायचाय हो."

"कोणता रंग?"

"हिरवा."

शेजारी एक आजोबा खिशातून आणलेली गंजकी बिजागरी नव्या बिजागरीशी जुळवून बघत होते. ते थांबले. "हिरवा," ते दुकानाला उद्देशून म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "जे ज्यात विरघळतं, ते त्यानेच निघतं. ओला ऑइलपेंट टर्पेंटाइनने. पॉलिशमधला चपडा स्पिरिटने. आणि एनसी थिनर? तो दोघांनाही सोडत नाही. काय करता आपण?"

"आयटीत आहे."

"वाटलंच. खुर्ची कोणाची?"

"सासऱ्यांची."

"हयात आहेत?"

"आहेत की!"

"मग दुसऱ्या हातावरही तसाच थेंब टाका. जोडी दिसेल."

मागे रांगेत कोणीतरी हसलं. दोन सुतार होते, एक बाई कुलूप घ्यायला आलेली. सगळ्यांना माझ्या खुर्चीत रस. "पण आजोबा, तुमची बिजागरी जुळली का?" हे उत्तर मला पार्किंगपाशी सुचलं.

चिडून मी म्हणालो, "द्या हो, एनसी द्या." दुकानदाराने कॅनमधून अर्धा लिटर सरबताच्या जुन्या बाटलीत ओतून दिला. वर चिठ्ठी नाही, काही नाही. घरात लहान मूल आहे का, हेही विचारलं नाही. माझ्या सासऱ्यांची चौकशी होते, आणि पेटणारं, वासाने डोकं धरणारं द्रव आंब्याचं चित्र असलेल्या बाटलीतून घरी जातं, त्याचं कोणाला काही नाही! मीही घेतलीच म्हणा ती बाटली.

घरी चिंधीने पुसलं. थेंब गेला. त्याच्याबरोबर पॉलिशही गेलं, आणि नाण्याएवढ्या हिरव्याच्या जागी बशीएवढा पांढुरका चट्टा उठला. आजोबांचं खरं ठरलं, याचा राग चट्ट्यापेक्षा जास्त आहे.

काल पॉलिशवाला येऊन बघून गेला. "थिनर कोणी लावला?" त्याने विचारलं. बायकोने नुसतं माझ्याकडे बोट दाखवलं. चपडा, स्पिरिट, बोळा आणि चार दिवस लागतील म्हणाला.

सासरे रविवारी येतायत. हातावर सध्या पंचा टाकलाय.