युरोतच घे म्हटलं ना!

कार्डाचं मशीन गिऱ्हाइकासमोर ठेवायच्या आधीच गडी बटण दाबून मोकळा! परवाचीच गोष्ट. पॅरिसमधलं झगमगीत दुकान, बाराशे युरोंची चामड्याची पिशवी, पांढरे हातमोजे घालून ती फडताळातून अलगद काढणारा विक्रेता. त्याच हातमोज्याने त्याने युरोऐवजी 'ग्राहकाच्या देशाचं चलन' परस्पर निवडून टाकलं. कार्ड टेकवलं, टुंय झालं, संपलं.

मग ती पावती. वर 1200 युरो. खाली विनिमय दर, त्याखाली मार्कअपची, म्हणजे दरावर चढवलेल्या जादा पैशांची टक्केवारी, त्याखाली आपल्या चलनातली टम्म फुगलेली रक्कम. आणि तळाशी, भिंग लावून वाचावं अशा अक्षरांत एक वाक्य: मला चलनाचा पर्याय देण्यात आला होता आणि मी हा पर्याय स्वतः निवडला आहे. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच! स्क्रीन दिसलीच नाही, तर निवडलं कुणी? हातमोज्याने?

वर जाब विचारला की साळसूदपणे उत्तर येतं, "तुमच्या चलनात घेतलं की नेमकी रक्कम लगेच कळते ना!" कळते की. किती लुटलं ते अगदी पैशापर्यंत कळतं. या डीसीसी, म्हणजे 'डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन' नावाच्या, दुकानातच रक्कम आपल्या चलनात वळवण्याच्या प्रकारात दर तुमच्या कार्डाचा नसतो, त्या मशीनवाल्याचा असतो. मार्कअप 5 टक्के धरला तरी बाराशेवर 60 युरो गेले. ते मशीनवाला, त्यामागची बँक आणि दुकान आपसांत वाटून घेतात, एवढी आपुलकी उगाच नाही उतू जात. बरं, एवढं करून आपल्या बँकेची परदेशी व्यवहाराची फी तरी वाचते का? दुकान परदेशात आहे म्हणून कितीतरी बँका तीही लावतातच. म्हणजे दोन्हीकडून कात्री.

युरोपियन युनियनने 19 एप्रिल 2020 पासून हा मार्कअप युरोपियन सेंट्रल बँकेच्या दराशी तुलना करून टक्क्यांत दाखवायची सक्ती केलीय. दाखवतात हो. पण काउंटरच्या पलीकडच्या बाजूला दाखवतात!

अशा वेळी दुकानाबाहेर पाऊल टाकायचं नाही. पावतीवर दोन चलनं दिसली की तिथेच उभं राहून 'व्हॉइड करा आणि युरोत पुन्हा घ्या' म्हणायचं. 'रिफंड करा' म्हणायचं नाही. व्हॉइड म्हणजे व्यवहार पुढे जायच्या आधीच रद्द. रिफंड म्हणजे दुसरा नवा व्यवहार, त्याला दुसरा दर, आणि मधला फरक पुन्हा आपल्याच खिशातून. मॅनेजर 'आता होत नाही' म्हणाला तर सही करायची नाही, पावतीवर 'पर्याय दिला नाही' असं लिहायचं, फोटो काढायचा आणि बँकेकडे तक्रार टाकायची. मागे रांग खोळंबते, लोक डोळे वटारतात. वटारू देत.

एटीएम तर याहून बेरकी. पडद्यावर 'रूपांतर स्वीकारा' भलंमोठं हिरवं, आणि 'नाकारा' कोपऱ्यात, असं की दाबलं तर कार्डच गिळेल अशी भीती वाटावी. काहीही गिळत नाही. नाकारा दाबलं की व्यवहार रद्द होत नाही, नोटा येतात आणि दर आपल्या कार्डाचा लागतो. हॉटेलं याच्याही पुढची, ती चेक-इनच्या कागदातच ही संमती घुसडतात आणि आपण झोपाळू डोळ्यांनी सही ठोकतो.

आता कुणी म्हणेल, बाराशे युरोंची पिशवी घेणाऱ्याने साठ युरोंसाठी एवढा गळा काढावा? मान्य. ज्या चिकाटीने मी साठ युरोंचा हिशेब मांडतो तिच्या दहाव्या हिश्शाने 'मुळात ही पिशवी हवीय कशाला' असा विचार केला असता तर 1140 जास्त वाचले असते. शिवाय या खरेदीनंतर पिशवीत ठेवायला पावत्यांखेरीज काही उरत नाही.

पण राग तो रागच, आणि पिशवीचा विषय निघालाच आहे तर व्हॅट रिफंडवाल्यांनाही, म्हणजे पर्यटकाला खरेदीवरचा कर परत मिळतो त्यावरून सल्ले झाडणाऱ्यांनाही सोडत नाही. 'फ्रान्समध्ये वीस टक्के परत मिळतात' असं छाती फुगवून सांगणारे डोक्यात जातात! अरे, 20 टक्के कर मूळ किमतीवर असतो. करासकट 1200 मध्ये कर 200, म्हणजे सहावा हिस्सा, पावणेसतरा टक्क्यांहूनही कमी. त्यातून रिफंड कंपनी आपलं कमिशन कापते. हातात साधारण 12 टक्के पडतात, बाराशेवर 144. रोख घेतलेत तर वर रोखीची फी. आणि युरो सोडून दुसऱ्या चलनात मागितलेत तर त्यांचाच दर, म्हणजे पुन्हा तीच हजामत. कार्डावर घ्या, युरोत घ्या.

शहरातच आगाऊ रोख देणारे काउंटर म्हणजे गोड बोलून गळा कापणारे. हमी म्हणून कार्ड नोंदवून ठेवतात. वस्तू युनियनबाहेर नेल्याची कस्टमची मोहोर मुदतीत पोचली नाही की दिलेले पैसे दंडासकट कार्डावरून वसूल.

आणि ती मोहोर! फ्रान्समध्ये विमानतळावर पाब्लो नावाचं यंत्र असतं, दुकानाने दिलेल्या रिफंडच्या फॉर्मवरचा बारकोड दाखवायचा, हिरवं आलं तर सुटलात, लाल आलं तर कस्टमच्या खिडकीवर सामान उघडा. म्हणून बॅग चेक-इनला सोपवण्याआधी जायचं. पिशवी विमानाच्या पोटात गेल्यावर अधिकाऱ्याला काय दाखवणार, आठवणी? वस्तू न वापरलेली हवी, म्हणून ती खांद्याला लटकवून मिरवत खिडकीशी जाऊ नका. मध्ये युनियनमध्येच विमान बदलणार असाल तर थेट शेवटपर्यंत सोडलेल्या सामानाची मोहोर पहिल्या विमानतळावर, हातातल्या वस्तूची मात्र युनियन सोडताना शेवटच्या विमानतळावर. ट्रेनने स्वित्झर्लंडला निघालात की युनियन सीमेवरच संपतं, झुरिकच्या विमानतळावर फॉर्म फडकवून उपयोग नाही. हे सगळं दुकानात कुणी सांगत नाही. तिथे फक्त फॉर्म रेशमी फीत बांधलेल्या लिफाफ्यात घालून देतात.

'लंडनला घे, तिकडे टॅक्स परत मिळतो' म्हणणाऱ्या काकांना तर हात जोडून विनंती आहे की 1 जानेवारी 2021 पासून ग्रेट ब्रिटनमध्ये पर्यटकांसाठी तो प्रकार बंद झालाय. दुकानाने माल थेट परदेशी पत्त्यावर पाठवला तरच व्हॅट सुटतो, आणि मग कुरियर आणि आपल्याकडची ड्युटी आपल्या बोडक्यावर. जर्मनीत किमान खरेदी 50 युरोंहून जास्त, फ्रान्समध्ये 100 हून जास्त, स्पेनमध्ये 2018 पासून किमान रकमेची अटच नाही. एवढं पाठ करा आणि मग सल्ले द्या. आउटलेटबद्दल तर बोलूच नका. तिथला बराचसा माल आउटलेटसाठीच बनवलेला असतो, शोरूमचं तोंडही न पाहिलेला. टॅगवरची खोडलेली किंमत कुणी कधी दिली होती हे त्या टॅगलाच विचारा.

आणि अमेरिकेतली रिसॉर्ट फी. खोलीचं भाडं स्वस्त बघून उडी मारावी तर रात्रीमागे ही निराळी, तिच्यावर कर निराळा. 12 मे 2025 पासून तिथल्या नियमाने एकूण रक्कम आधी दाखवावी लागते, पण फी काही गेलेली नाही, फक्त आता डोळ्यांदेखत कापतात. पोहायला जाणार नाही, जिममध्ये पाय ठेवणार नाही, कमी करा म्हटलं तर 'अनिवार्य आहे'. या फीत काय काय मिळतं त्याची यादीही देतात: वायफाय, जिम, आणि खोलीतून लोकल फोन फुकट. लोकल फोन! लास व्हेगासमध्ये! कुणाला लावायचा?