एकलकोंड्यांसाठी लोकसंग्रह

तुम्ही घुमे आहात हे घरच्यांनी कधीच जाहीर करून टाकलंय, तेव्हा आता लपवण्यात अर्थ नाही. फक्त शब्द बदला. 'तुसडा', 'माणूसघाणा' ही मावशी-आत्यांची विशेषणं. १९२१ साली कार्ल युंग या स्विस मनोवैद्यांनी माणसांची अंतर्मुख आणि बहिर्मुख अशी वाटणी करून ठेवली आहे, तिचा लाभ घ्या. पुढच्या लग्नात आईला सांगायला लावा, "तो अंतर्मुख आहे हो." समोरून "अगंबाई! मग औषध चालू आहे ना?" असं आलं तर मनावर घेऊ नका.

लोकांत मिसळायची हुक्की आलीच, तर नाशिकसारखं गाव नाही. सार्वजनिक वाचनालयात, म्हणजे आपल्या सावानात, १८४० पासून चारचौघांत बसून कुणाशीही न बोलण्याची सोय आहे. मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमालेला जा. बोलणारा एक, बाकी सगळे गप्प, वर नदीचा वारा. आणि आदर्शच हवा असेल तर जुन्या नाशकातली रहाड, म्हणजे रंग खेळायचा जमिनीतला हौद, डोळ्यांसमोर ठेवा. रंगपंचमीला उघडते, लोक येऊन धप्पे मारून जातात, मग फळ्या आणि माती टाकून वर्षभर बंद. वरून रहदारी चालू. "हल्ली दिसत नाहीस?" असं रहाडीला कुणी विचारत नाही.

तुम्हाला मात्र विचारतात, कारण तुम्ही फ्लॅटमध्ये राहता.

गणपतीच्या आधी पावतीपुस्तक जिना चढायला लागतं. चपला आधीच आत घेऊन ठेवा. टीव्हीचा आवाज बंद, दिवाणखान्यातला दिवा बंद, दाराच्या भिंगाला डोळा. बाहेर तीन काका आणि एक नवा उत्साही मुलगा. बेल. तुम्ही श्वास रोखता. पुन्हा बेल. "नसतील घरी," एक काका म्हणतात आणि सगळे वळतात. त्याच क्षणी तुमचा कुकर शिट्टी देतो. श्वास रोखता येतो, कुकर नाही. मग "अरे, बेल ऐकूच आली नाही!" म्हणत दार उघडायचं आणि पाचशे एकच्या जागी एक हजार एक द्यायचे. बोलणं लवकर आटपावं म्हणून गेलेले ते वरचे पाचशे म्हणजे अंतर्मुखतेवरचा जीएसटी समजा.

सोसायटीच्या तातडीच्या मीटिंगा टाळायला कारण एकच ठेवा: "द्वारकेला अडकलोय." द्वारका म्हणजे आमचा कायम तुंबलेला चौक. नाशकात यावर पुरावा मागायची पद्धत नाही. मी सातपूरला कामाला आणि राहायला इंदिरानगरला. माझ्या वाटेत द्वारका येतच नाही. तरी सलग चार मीटिंगा मी द्वारकेला अडकून काढल्या. ग्रुपवर एकानेही शंका घेतली नाही, उलट दोघांनी "आज फारच जाम आहे" म्हणून दुजोरा दिला. ते दोघे कुठे होते, हे मी विचारलं नाही. व्यावसायिक शिष्टाचार असतो.

वार्षिक सर्वसाधारण सभा मात्र चुकवू नका. ती ३० सप्टेंबरच्या आत उरकावी लागते, म्हणून २८-२९ला होते. गणपूर्तीला दोन तृतीयांश सभासद किंवा वीस, जे कमी असेल ते. आमचे फ्लॅट चोवीस, म्हणजे सोळा माणसं हवीत. आठ वाजता नऊ असतात. सभा तहकूब. अर्ध्या तासाने त्याच नऊ जणांची, त्याच प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, सभा पुन्हा सुरू; आता गणपूर्तीची अट नाही. मधल्या अर्ध्या तासात चहा होतो आणि पार्किंगवरून भांडण. माझा सल्ला: मागच्या रांगेत, पाण्याच्या मोटरजवळ बसा आणि तोंड उघडू नका.

मी तेच केलं. "यंदा सेक्रेटरी कोण?" असा प्रश्न आला आणि सगळे एकदम बोलायला लागले. एकाचा गुडघा, एकाची नाइट शिफ्ट, एकाची मुलगी बारावीला. बोलणारा प्रत्येक जण सुटत गेला. कारण न सांगता बसलेला माणूस एकच उरला. "यांची काही हरकत दिसत नाही," अध्यक्ष म्हणाले. सूचक तयार, अनुमोदक तयार, टाळ्या. मी घसा खाकरेपर्यंत विषय क्रमांक सहा, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, सुरू झाला होता.

घाबरू नका, हे पद आपल्याच जातकुळीचं आहे. सेक्रेटरीला बोलावं लागत नाही, लिहावं लागतं. इतिवृत्त लिहा, टाकी धुण्याची नोटीस लिहा, लिफ्टवाल्याला स्मरणपत्र लिहा. लिफ्टशेजारच्या फळ्यावर मी वर्षभरात जेवढं बोललो, तेवढं बायकोशी बारा वर्षांत बोललेलो नाही. हे तिचं निरीक्षण, आणि तिच्या आवाजात तक्रार होती असं मला तरी वाटलं नाही. नोकरीचं काय? ती रात्री अकरानंतर करा. तेव्हा फोन येत नाहीत. पाणी गेलं असेल तरच येतात.

यंदा पावतीपुस्तक माझ्याकडे आहे. परवा तिसऱ्या मजल्यावर नव्या बिऱ्हाडाची बेल वाजवली. बाहेर एकही चप्पल नव्हती. आतला टीव्ही पटकन गप्प झाला, भिंगामागचा उजेड किंचित हलला. बरोबरचे काका म्हणाले, "चला, नसतील घरी." मी म्हटलं, "थांबा जरा. वरणाचा वास येतोय."