घट्ट लेगिंग्ज घालून वॅक्सिंगला जा म्हणे!

बॉडी वॅक्सिंगला जाताना काय घालावं, यावर एक सल्ला सध्या जो तो पुढे ढकलतोय. त्याचा गोषवारा असा: अंगाला चापूनचोपून बसणारे कपडे घाला, लेगिंग्ज तर उत्तमच, कारण दाबामुळे सूज येत नाही आणि दाणे उठत नाहीत. रंग काळा किंवा गडद ठेवा, म्हणजे वॅक्सचे डाग दिसत नाहीत आणि लागलेच तर एका धुण्यात जातात. आतले कपडे जितके कमी तितकं काम सोपं. स्पोर्ट्सवेअर घातलंत तर तिथूनच परस्पर जिमला जाता येईल. आणि याच्या खाली कुणीतरी हटकून लिहितं, "तिथे गेल्यावर कपडे काढायचेच असतात, मग एवढा विचार कशाला?"

मी वॅक्सिंगचंच काम करते. टेबलाच्या माझ्या बाजूने पाहिलं की या सल्ल्यातली गोम चटकन कळते. सल्ला देणाऱ्याने टेबलावरच्या वेळेचाच तेवढा विचार केलाय. कपड्यांची खरी परीक्षा उठून घरी निघाल्यावर असते. म्हणून आधी त्या शेवटच्या वाक्याचाच समाचार घेते.

कपडे काढायचेच असतात हे बहुतेक वेळा खरं. पण थोड्या वेळाने तेच कपडे पुन्हा चढवायचे असतात आणि तेव्हा कातडी मघाची राहिलेली नसते. वॅक्सची पट्टी ओढली की केस मुळासकट निघतो, त्याच्याबरोबर त्वचेच्या वरच्या थरातल्या मेलेल्या पेशीही निघतात. केसाचं मूळ ज्या बारीक खळग्यात बसलेलं असतं तो केशकूप काही काळ उघडा आणि चिडलेला राहतो. येताना अंगावर जाणवतही नव्हती ती जीन्स जाताना मांडीला पॉलिशपेपरसारखी लागते. टेबलावरून उठून जीन्स चढवताना गुडघ्याच्या वर आली की चेहरा बदलतो, हे मी नेहमी बघते. कपडे निवडायचे ते या वेळेसाठी, आणि पुढच्या एक-दोन दिवसांसाठी.

आता मुख्य दावा: घट्ट कपड्याने सूज येत नाही. ऐकायला पटतं, कारण पाय सुजणाऱ्यांना डॉक्टर दाब देणारे मोजे सांगतात हे सगळ्यांना माहीत असतं. पण ती सूज वेगळी. तिथे शिरांमधून रक्त नीट वर चढत नाही, पायात द्रव साचतो, आणि बाहेरून दिलेल्या मोजूनमापून दाबाने तो वर सरकायला मदत होते. वॅक्सनंतरची लाली आणि ते बारीक दाणे म्हणजे केस उपटल्यावर त्वचेने दिलेली प्रतिक्रिया. हिस्टामिनसारखी रसायनं सुटतात, बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, प्रत्येक केशकूपाभोवती लालसर फुगवटा येतो. काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत तो आपोआप बसतो. लेगिंग्जने दाबून तो बसत नाही, उलट प्रत्येक पावलागणिक कापड त्याच फुगवट्यावर घासत राहतं.

घासण्याबरोबर घाम येतो आणि तो आतच कोंडतो. स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा जिवाणू कितीतरी निरोगी माणसांच्या अंगावर आणि नाकात एरवी निमूट राहत असतो. त्याला दमट, घासली गेलेली कातडी आणि उघडे केशकूप मिळाले की मग पिवळ्या टोकाच्या पुळ्या येतात. केशकूपाचा दाह म्हणतात तो हाच. बाई तीन दिवसांनी येऊन सांगते, "तुमचं वॅक्स मानवलं नाही मला." असंही होतं, नाही म्हणत नाही. वॅक्स जास्त गरम असेल, वॅक्स लावायचा वापरलेला स्पॅच्युला (चपटी काडी) पुन्हा भांड्यात बुडवला असेल किंवा वॅक्समधल्या राळेची ॲलर्जी असेल, तर दोष कपड्यांचा नाही. पण पुळ्या नेमक्या कमरेच्या इलॅस्टिकखाली, मांडीच्या शिवणीलगत किंवा ब्राच्या पट्ट्याच्या रेषेत ओळीने उभ्या असतील तर वॅक्सला कशाला बोल लावायचा? वॅक्स तर सगळीकडे सारखंच लागलं होतं.

शिवाय एक उशिराचा हिशेब असतो. काही आठवड्यांनी नवा केस उगवतो तो टोकाला बारीक आणि मऊ असतो. तेव्हा वरून रोज घट्ट कापडाचा दाब आणि घर्षण असेल तर तो बाहेर न येता कातडीतच वळून वाढायची शक्यता वाढते, विशेषतः केस कुरळे असतील तर. तोपर्यंत त्या दिवशी काय घातलं होतं हे कुणाच्या लक्षात राहतं?

एवढं असूनही लोकांना घट्ट कपड्याने बरं वाटल्यासारखं का होतं, याचा मी विचार केलाय. बहुधा कापडाचा पहिला स्पर्श गार असतो म्हणून. गारवाच हवा असेल तर स्वच्छ रुमाल थंड पाण्यात भिजवून, घट्ट पिळून काही मिनिटं ठेवावा. सुजेला त्याने खरंच उतार पडतो.

जिमचं प्रकरण याच्याच पोटातलं. स्पोर्ट्सवेअरचं कापड घाम ओढून घेतं हे बरोबर, पण ते अंगाला चिकटून बसेल असंच शिवलेलं असतं आणि व्यायाम म्हणजे घर्षणाची पुनरावृत्ती. वर घामातलं मीठ ताज्या वॅक्सवर झोंबतं ते वेगळंच. साधारण २४ ते ४८ तास व्यायाम, कढत पाण्याची अंघोळ, सॉना, पोहण्याचा तलाव हे सगळं टाळायला आम्ही सांगतो ते उगाच नाही. वेळ वाचवायचाच असेल तर क्रम उलटा करा: आधी जिम, मग अंघोळ, अंग पूर्ण कोरडं आणि गार होऊ द्या, मग वॅक्स. घामट त्वचेवर वॅक्स धरत नाही, त्यामुळे जिममधून तडक धावत येण्यातही अर्थ नाही.

"गडद रंग घाला, डाग एका धुण्यात जातो" यातला पहिला भाग निम्मा खरा आहे. वॅक्सनंतर उरलेला चिकटपणा काढायला तेल लावतात, ते थोडंफार अंगावर राहतंच आणि फिकट कापडावर, रेशमावर तर लगेच उठतं. त्या दृष्टीने गडद किंवा छापील कपडा बरा. पण नवाकोरा, एकदाही न धुतलेला गडद कपडा नको. नव्या डेनिमचा निळा रंग ओलसर, तेलकट कातडीवर उतरतो. पॉलिएस्टरसारख्या कृत्रिम धाग्यांना दिलेल्या काही गडद रंगांची तर ॲलर्जी होते, ही त्वचारोगतज्ज्ञांना चांगली ठाऊक असलेली गोष्ट आहे, आणि चिडलेल्या कातडीवर तो प्रयोग करायची ही वेळ नव्हे. दोन-चारदा धुऊन मऊ पडलेला गडद कपडा असेल तर खुशाल घाला.

दुसरा भाग मात्र साफ चुकीचा. डाग जाईल की नाही हे वॅक्स कुठलं यावर ठरतं. साखर, लिंबाचा रस आणि पाणी आटवून केलेलं शुगर वॅक्स पाण्यात विरघळतं, ते कोमट पाण्याने निघेल. पट्टीने ओढायचं नेहमीचं वॅक्स बहुतेकदा पाइनच्या झाडांपासून मिळणाऱ्या राळेचं असतं आणि राळ पाण्यात विरघळत नाही. तसंच मशीनमध्ये टाकलंत तर डाग जागचा हलत नाही, वर बाकीच्या कपड्यांनाही चिकटू शकतो. आधी कपडा फ्रीजरमध्ये ठेवून वॅक्स कडक होऊ द्यायचं, बोथट सुरीने खरवडायचं, मग खाली-वर टिपकागद ठेवून इस्त्री फिरवायची म्हणजे उरलेलं वितळून कागदात उतरतं. शेवटी राहिलेल्या तेलकट खुणेवर भांडी घासायचं लिक्विड चोळून मग धुवायचं. आता गंमत बघा. ही इस्त्री जाडसर सुती कपड्याला चालते. लेगिंग्जमधल्या इलॅस्टेनला, म्हणजे ताणल्या जाणाऱ्या धाग्याला, गरम इस्त्री सोसत नाही. म्हणजे सल्ल्याने जो कपडा घालायला सांगितला, त्याच्यावरचाच डाग काढणं सगळ्यात अवघड.

आतल्या कपड्यांबद्दल मला जरा जास्त बोलायचंय, कारण इथे प्रश्न नुसत्या त्वचेचा नाही. बिकिनी वॅक्सला "कमीत कमी कापड" म्हणून अनेकजणी नाजूक लेसचा थाँग घालून येतात आणि तोच घालून परत जातात. त्याची पट्टी आणि लेसची किनार बसते ती बरोबर मांडीच्या सांध्यात, जिथलं वॅक्स नुकतंच झालेलं असतं. कामाच्या दृष्टीने कापड किती आहे याने फारसं अडत नाही, ते सहज बाजूला सरकतं का एवढंच मी बघते. बऱ्याच ठिकाणी डिस्पोजेबल पँटी देतात, अंगावर पांघरायला चादर किंवा टॉवेल देतात, आणि ज्या भागाचं काम चालू आहे तेवढाच उघडा ठेवतात. काय काढायचं आणि काय ठेवायचं हे अपॉइंटमेंट घेतानाच विचारा. विचारायला लाजू नका, आम्हाला त्याचं काही वाटत नाही. बाजूच्या रेषेपुरतंच वॅक्स करायचं असेल आणि अंगावरचं काढायचं नसेल तर तसं स्पष्ट सांगा. "कमी कपडे घाला म्हणजे त्यांना सोपं जातं" हे वाचून स्वतःला अवघडून घेत इथे आडवं पडण्याची कुणाला काही गरज नाही. अवघडलेलं माणूस अंग आखडतं, अंग आखडलं की मला कातडी नीट ताणून धरता येत नाही आणि पट्टी जास्त दुखते.

परतीसाठी पर्समध्ये दुसरी, पूर्ण झाकणारी, साधी सुती आणि किंचित सैल पँटी ठेवा. पुरुषांनी सैल बॉक्सर. त्यावर स्कर्ट, गाऊन किंवा ढगळ पायजमा.

या सल्ल्याला उत्तर म्हणून दुसरी टोळी सांगते, "फक्त सुती घाला, बास." तेही अर्धवट आहे. जीन्ससुद्धा सुतीच असते! कापड सुती असून शिवण जाड आणि बसणं घट्ट असेल तर उपयोग शून्य. सुती कापड घाम पितं पण लवकर वाळत नाही, म्हणून अंगाला चिकटलेला ओला सुती टीशर्टही काही भला नव्हे. सैलपणाला पहिला मान, कापडाला दुसरा. ढगळ रेयॉन पलाझो आणि घट्ट सुती पँट यांत मी डोळे मिटून पलाझो निवडेन.

आणि "कपडे" म्हटल्यावर सगळे पायांवरच का अडकतात कोण जाणे. हाफ लेगला गुडघ्याच्या वर सहज जाणारा पायजमा हवा. घट्ट पँट गुंडाळून वर केली की तिची वळकटी गुडघ्याच्या मागे रुतते आणि हमखास तिच्याच घडीत वॅक्स जातं. पाऊल आणि पोटरीच्या वॅक्सनंतर मोज्यांचं इलॅस्टिक नको, मोकळी चप्पल घाला. अंडरआर्म्सला बगलेत रुतणारी बाही नको, मुंढा मोठा हवा. डिओडरंटही दुसऱ्या दिवसापर्यंत नको. पाठ किंवा छाती करून घेणाऱ्या पुरुषांना मी पुढून बटणं असलेला जुना सैल शर्ट घालायला सांगते, कारण डोक्यावरून ओढायचा टीशर्ट निघताना ताज्या पाठीवर पूर्ण घसरत जातो. मग तेच साहेब जड सॅक पाठीला लावून निघतात. पाठीच्या वॅक्सनंतर सॅक हातात धरायची. खांद्याच्या पर्सचा पट्टाही बगलेपासून दूर. बिकिनी वॅक्सनंतर त्या दिवशी सायकल नको.

त्वचेला मोकळं ठेवायचं म्हणून आखूड चड्डी आणि बिनबाह्यांचं घालून भर उन्हातून जाणं हेही उलटंच. ताज्या वॅक्सच्या कातडीला ऊन लवकर बाधतं, आणि सावळ्या-गव्हाळ त्वचेवर दाह झालेल्या जागी काळे डाग राहायची शक्यता जास्त. पातळ, सैल आणि अंग झाकणारं घाला.

त्या सल्ल्यात एका गोष्टीचं नाव नाही आणि तिच्यापुढे कपडे दुय्यम आहेत. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर वॅक्स करूच नका, आणि गोळ्या थांबवल्यावरही निदान ६ महिने थांबा, असं त्या औषधाच्या माहितीपत्रकातच असतं. मुरमांवर ट्रेटिनॉइनसारखं क्रीम लावत असाल तर तेही आधी सांगा. अशा त्वचेचा वरचा थर पट्टीबरोबर सोलून निघू शकतो. आणि पुळ्या दोन-तीन दिवसांत न बसता पसरत चालल्या, पू झाला, जागा गरम लागून ठणकू लागली किंवा ताप आला, तर माझ्याकडे न येता सरळ डॉक्टरकडे जा.