आवाज कितीही ‘वर’ नेला तरी त्याचा प्रकाश होत नाही

मागच्या आठवड्यात मावशीकडे राहायला गेले होते. रात्री दोनला पाणी प्यायला उठले तर तिच्या खोलीतून बारीक ऊंऽऽ असा एकसुरी आवाज येत होता. बघते तर कानात इअरफोन, फोनचा व्हॉल्यूम पूर्ण वर आणि ही झोपलेली! सकाळी विचारलं तर तिने तो फॉरवर्ड दाखवला, जो तोपर्यंत मलाही तीन जणांनी पाठवून झाला होता. त्यात म्हटलंय की आवाज आणि प्रकाश ही एकच लहर आहे, ५२८ हर्ट्झचा आवाज ४० सप्तकं वर नेला की हिरवा प्रकाश होतो, म्हणून तो ऐकला की डीएनए दुरुस्त होतो, रात्रभर मोठ्याने ऐका, आणि कानात शिट्टी वाजायला लागली तर घाबरू नका, ती दुरुस्ती सुरू झाल्याची खूण आहे.

त्या शेवटच्या वाक्याने माझं डोकं फिरलं, कारण मावशीच्या कानात चार दिवसांपासून शिट्टी वाजतेय आणि ती खूश आहे.

आधी तेच घेते. कानाच्या आत शंखासारख्या भागात अगदी नाजूक केसपेशी असतात, एका कानात साधारण १५ हजार. आवाजाच्या कंपनाने त्या हलतात आणि मेंदूकडे संदेश जातो. सतत मोठा आवाज आदळत राहिला की त्या थकतात, मग मरतात, आणि माणसात त्या परत उगवत नाहीत. मोठ्या आवाजानंतर कानात शिट्टी वाजणं ही त्यांना इजा होत असल्याची सूचना असते. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब साधा आहे: ८० डेसिबल असेल तर आठवड्याला ४० तास, ९० डेसिबल असेल तर आठवड्याला फक्त ४ तास. इअरफोन पूर्ण आवाजावर ९० सहज ओलांडतात, आणि मावशी एका रात्रीत सहा-सात तास ऐकतेय.

आता ते ४० सप्तकांचं. गणित बरोबर आहे, हे मला नाइलाजाने मान्य करावं लागतंय. एक सप्तक वर म्हणजे हर्ट्झ दुप्पट, म्हणून ५२८ ला ४० वेळा दुप्पट करा, सुमारे ५८० लाख कोटी येतात, आणि तेवढ्या हर्ट्झचा प्रकाश खरंच हिरवा असतो, लहरीची लांबी ५१६ नॅनोमीटरच्या आसपास. पण हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती वेळा, एवढंच. काय हलतंय हे त्यातून कळतच नाही. आवाजात हवेचे रेणू पुढेमागे ढकलले जातात, प्रकाशात विद्युत आणि चुंबकीय क्षेत्र बदलतं. हवा सेकंदाला ५८० लाख कोटी वेळा हलवायची म्हटलं तर त्या आवाजाची लहर एका अणूच्या शंभराव्या भागापेक्षाही आखूड व्हायला हवी, आणि हवेत दोन रेणूंमधलं अंतरच त्याच्या हजारो पट आहे, मग ढकलणार कोण आणि कुणाला? असा आवाज असूच शकत नाही.

आणि दोन्ही एकच असते तर एकसारखे वागले असते ना. हवेत आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, प्रकाश जवळपास ३ लाख किलोमीटर. पाण्यात शिरल्यावर तर उलटंच होतं, आवाज चौपटीहून जास्त वेगाने पळतो, १४८० मीटरच्या आसपास, आणि प्रकाश मंदावून सव्वादोन लाख किलोमीटरवर येतो. पोलराइज्ड गॉगल मोबाइलच्या स्क्रीनसमोर धरून हळूहळू फिरवून बघा, बहुतेक स्क्रीन एका कोनात काळी पडते. प्रकाशाची लहर जायच्या दिशेला आडवी हलते आणि असा गॉगल त्यातलं एकाच बाजूचं हलणं आत सोडतो, म्हणून हे होतं. हवेतला आवाज जायच्या दिशेनेच पुढेमागे हलतो, त्याला अडवणारा असा गॉगल बनूच शकत नाही.

डीएनएच्या दुरुस्तीबद्दल फार लिहीत नाही. हवेत ५२८ हर्ट्झची लहर ६५ सेंटीमीटर लांब असते, डीएनएचा धागा २ नॅनोमीटर जाड. ३२ कोटी पटींचा फरक आहे. एवढी लांब लहर त्या धाग्यातला एखादा तुकडा निवडून दुरुस्त करते, हे कसं होणार ते फॉरवर्डवाल्याने सांगावं. हो, आवाजाने मुतखडा फोडतात, हे खरंय, पण ते काम मशीनमधून खड्यावर नेम धरून सोडलेले जोरदार धक्के करतात, इअरफोनमधला सूर नाही.

‘नासाने अवकाशातला आवाज रेकॉर्ड केला, म्हणजे आवाजाला हवा लागत नाही’ हाही मुद्दा आहे त्यात. २०२२ मध्ये नासाने पर्सियस दीर्घिकासमूहातल्या कृष्णविवराची क्लिप दिली होती, तीच ही. तिच्यासोबत नासानेच लिहिलंय की त्या समूहात भरपूर गरम वायू आहे, लहरी त्या वायूत उठतात. माध्यम आहे म्हणून लहर आहे! शिवाय तिथे कुणी माइक नेला नव्हता. नासाच्या ‘चंद्रा’ नावाच्या अवकाश दुर्बिणीने क्ष-किरणांत ते तरंग टिपले, आणि माणसाला ऐकू यावं म्हणून कॉम्प्युटरवर सूर ५७ आणि ५८ सप्तकं वर नेले. म्हणजे बातमी आपल्यापर्यंत आली ती प्रकाशाच्याच भावंडाकडून, मधल्या पोकळीतून आवाज आलाच नाही.

फॉरवर्डमध्ये असंही आहे की वाद्यं जुळवायचा ४४० हर्ट्झचा सूर म्हणे माणसाला बिघडवायला ठरवला. वाद्यं एकमेकांशी जुळावीत म्हणून फ्रान्सने १८५९ मध्ये ४३५ ठरवला होता, १९३९ च्या लंडनच्या बैठकीत ४४० वर एकमत झालं. बस.

मावशीला मी हे सगळं सांगितलं, गॉगल फिरवूनही दाखवला. इअरफोन तिने काढून ठेवलेत, शिट्टी मात्र अजून थांबलेली नाही, आम्ही गुरुवारी कानाच्या डॉक्टरकडे जातोय.